रात्रीचा मास्क : आग्रह किती करावा?

आपल्या मराठीत श्वासाला आणि जीवाला एकच शब्द चालतो. प्राण गेला म्हणजे श्वास गेला, आणि जीव गुदमरला म्हणजे श्वास कोंडला. इस्राएलला येऊन हिब्रू शिकू लागलो तेव्हा ध्यानात आले की इथेही तसेच आहे. 'नेशिमा' म्हणजे श्वास आणि 'नेशामा' म्हणजे आत्मा; दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले. देवाने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला आणि मग तो जिवंत झाला, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले वर्णन आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. श्वास हा असा मिळालेला आहे, कमावलेला नाही. मग हा मिळालेला श्वास म्हातारपणी अपुरा पडू लागला आणि रात्री यंत्राने तो भरून काढावा लागला, तर ते यंत्र नाकारण्याचा हक्क माणसाला आहे काय? आणि घरच्यांनी आग्रह करावा तो कुठवर? आपल्या समाजातील कित्येक घरांत हा प्रश्न रोज रात्री अंथरूण घालताना उभा राहतो. म्हणून त्यावर चार शब्द लिहीत आहोत.

आमची शाळा कोकणात, मराठीतून झाली. परिचारिकेचे शिक्षण आणि नोकरी इथे. पस्तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या उशाशी उभे राहून जे पाहिले, त्याच्या आधारे हा विचार मांडत आहोत. प्रत्येकाच्या छातीची गोष्ट निराळी असते, तेव्हा औषधपाण्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा, हे सांगणे न लगे.

प्रथम या आजाराविषयी. इथले डॉक्टर ज्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात आणि आपले लोक नुसतेच 'दम लागतो' म्हणून सांगतात, तो आजार आपल्या माणसांना कुठून आला हे पाहिले म्हणजे कोणाला दोष देण्याची घाई राहत नाही. विडी-सिगारेट हे मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु रेवदंडा, अलिबाग, पेण, मुरूड या भागांत वाढलेल्या कित्येक बायकांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. त्यांनी चुलीपुढे उकिडवे बसून ओली लाकडे आणि शेणी फुंकणीने पेटवल्या, डोळे पुसत भाकऱ्या थापल्या आणि पाठीशी मूल निजवले. त्या धुरानेही हाच आजार होतो, हे आज वैद्यकशास्त्र निःशंकपणे सांगते. ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांत किंवा इथे आल्यावर कापडाच्या कारखान्यांत वर्षे काढली, त्यांच्या छातीत कापसाची धूळ गेली ती वेगळीच. म्हणून 'तुम्हीच ओढवून घेतलेत' हे वाक्य आम्ही रुग्णासमोर कधीही कोणाला बोलू दिले नाही. एक तर ते पुष्कळदा खोटे असते, आणि खरे असले तरी त्याने एक श्वासही वाढत नाही.

आता रात्रीच का? या आजारात श्वासनलिका अरुंद होतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि छाती फुगलेल्या भात्यासारखी होऊन बसते. छातीखालचा जो स्नायूंचा पडदा श्वास ओढतो, तो घुमटासारखा असायचा तो सपाट होतो आणि त्याची ताकद वाया जाते. जागेपणी माणूस मानेचे आणि बरगड्यांचे स्नायू मदतीला घेऊन कसेबसे भागवतो. झोपेत, विशेषतः स्वप्ने पडतात त्या झोपेत, हे मदतनीस स्नायू सैल पडतात आणि दमलेल्या त्या एका पडद्यावर सारा भार येतो. श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके जड होणे, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागणे, बोलण्यात गोंधळ होणे, रात्री उठून बसणे ही त्याची लक्षणे. घरची माणसे अशा वेळी 'प्राणवायू वाढवा' म्हणतात आणि नळीचा आकडा परस्पर वर चढवतात. असे करू नये. यांतील काही रुग्णांना प्राणवायू प्रमाणाबाहेर दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. म्हणूनच अशा रुग्णांचे बोटावरच्या यंत्रातले प्रमाण बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवण्यास डॉक्टर सांगतात. शंभरावर नेण्याची धडपड करायची नसते.

बायपॅप नावाचे जे यंत्र मिळते ते हवा दाबाने देते. श्वास घेताना दाब वाढवते, सोडताना कमी करते. गळ्याला छिद्र नाही, घशात नळी नाही. नाकावर किंवा नाकातोंडावर मास्क, मागे पट्टे, आणि उशाशी एक डबा. रात्रभर स्नायूंना विसावा मिळतो आणि दिवसाचा श्वास जरा सुधारतो.

हे यंत्र आले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. १९२८ साली अमेरिकेत बोस्टन येथे 'लोखंडी फुप्फुस' वापरात आले. मान तेवढी बाहेर ठेवून सारे शरीर त्या पिंपात असे. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली आणि लोखंडी फुप्फुसे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या गळ्यातील नळीला रबरी पिशवी जोडून ती हाताने दाबण्याचा मार्ग काढला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांजवळ बसून, दिवस नाही रात्र नाही, हाताने त्या पिशव्या दाबल्या. पुढे १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना नाकावरच्या मास्कमधून दाबाची हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला, आणि त्याच वाटेने पुढे घरी वापरण्याची यंत्रे आली.

कोपनहेगनची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना यंत्राची लाज वाटते. 'यंत्रावर जगायचे म्हणजे काय जगणे?' असे ते विचारतात. परंतु हा डबा उशाशी बसून तेच काम करतो, जे त्या मुलांनी हाताने केले. तेव्हा कोणाला मदतीची लाज वाटली असेल असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्याच्या आधाराने जगणे हा माणसाचा अपवाद नाही, नियम आहे. जन्मल्यावर आईचे दूध, पुढे विहिरीवरून दुसऱ्याने आणलेले पाणी, चाळिशीनंतर चष्मा, सत्तरीला काठी. आणि देश सोडून इथे आलो तेव्हा हिब्रूतले पत्र वाचून दाखवणारा शेजारी. आधार घेतल्याने माणूस उणा होत नाही. तेव्हा लाज हे मास्क नाकारण्याचे कारण असेल, तर आधी ती लाज काढावी.

यंत्राचा उपयोग किती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१४ साली जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील १९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा आजार स्थिर होता, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला होता. ज्यांना घरी यंत्र दिले त्यांतील १२ टक्के वर्षभरात दगावले. ज्यांना दिले नाही त्यांतील ३३ टक्के. २०१७ साली ब्रिटनमधील ११६ रुग्णांच्या अभ्यासात, तीव्र आजार ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन डायऑक्साइड चढलेलाच होता अशांना प्राणवायूबरोबर यंत्र दिले. पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचा किंवा मृत्यूचा प्रसंग त्यांना सरासरी ४.३ महिन्यांनी आला. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांना १.४ महिन्यांनी. उलट नेदरलँड्समधील २०१४ सालच्या एका अभ्यासात, तीव्र आजारातून उठताच लगेच यंत्र दिलेल्या रुग्णांना असा फायदा दिसला नाही. तात्पर्य, दम लागणाऱ्या प्रत्येकाला हे यंत्र लागत नाही. पण ज्याला लागते त्याचे आयुष्य त्याने वाढू शकते. म्हणूनच 'नको' या शब्दाला वजन येते. यंत्र निरुपयोगी असते तर आग्रहाचा प्रश्नच उरला नसता.

आमच्या अनुभवात हे 'नको' तीन प्रकारचे असते, आणि तिन्हींना एकच उत्तर देणे हा अन्याय आहे.

पहिले 'नको' त्रासाचे. नाकाच्या दांड्यावर जखम झालेली असते, डोळ्यांत वारा शिरतो, तोंड कोरडे पडते, पोटात हवा भरून ढेकर येतात, पट्ट्याने कान कापतो. माणूस म्हणतो, 'मला नको हे.' मुलगा मायेने म्हणतो, 'राहू द्या पपा, या वयात कशाला त्रास?' आणि यंत्र कपाटावर जाऊन बसते. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर स्पष्ट बोलणे भाग आहे. ही दया नव्हे. पंचवीस वर्षांच्या मुलाचा मास्क टोचत असता तर आपण तीन दुकाने फिरून दुसरा आणला असता. म्हाताऱ्याच्या बाबतीत आपण दुसऱ्याच दिवशी हार मानतो आणि तिला माया म्हणतो. अशा 'नको'चे उत्तर मास्कचा आकार बदलणे, पट्टे सैल करणे, हवा ओलसर करणारे भांडे जोडणे, आणि दिवसा टी.व्ही. पाहताना अर्धा तास लावून सवय करणे हे आहे. पुष्कळांना सवय होण्यास काही आठवडे लागतात. तेवढे आठवडे आग्रह करणे हा हक्क आहे आणि कर्तव्यही.

दुसरे 'नको' गोंधळाचे. रात्री दोन वाजता आई मास्क ओढून काढते, ओरडते, मुलीला ओळखत नाही. सकाळी तिला काही आठवत नाही. हे बोलणे आईचे नसते, तिच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचे असते. आता पेच असा की कोणती आई खरी? रात्रीची की सकाळची? आमचे उत्तर असे की शब्द द्यायचा तो शुद्धीत, आणि पाळायचा तोही शुद्धीत दिलेलाच. म्हणून प्रत्येक घरात सकाळी, चहा झाल्यावर, आजारी माणसाशी मोकळेपणाने बोलून ठेवावे. 'आई, रात्री तू गोंधळलीस तर आम्ही मास्क परत लावायचा ना? किती वेळा लावायचा? आणि रुग्णालयात न्यायचे की नाही?' तिने होय म्हटले असेल, तर रात्री मास्क परत लावणे ही जबरदस्ती ठरत नाही. तो तिचाच शब्द आपण तिच्या वतीने पाळतो. असा गोंधळ नव्याने सुरू झाला, माणूस उठवूनही जागे होत नसेल किंवा ओठ निळे दिसले, तर वाट पाहू नये. १०१ नंबरवर रुग्णवाहिका बोलवावी.

कोणी विचारील, सकाळचा शब्द माणसाला कायमचा बांधतो काय? मुळीच नाही. शब्द फिरवता येतो, पण तोही सकाळी. आणि रात्री माणूस पूर्ण शुद्धीवर असून 'आज नको' म्हणाला तर? तर त्या रात्री हात जोडून गप्प बसावे आणि सकाळी बोलावे. स्थिर असलेल्या बहुतेक रुग्णांना एखादी रात्र चुकल्याने मोठा धोका नसतो. आपल्या माणसाच्या बाबतीत तसे आहे काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. पण झोप लागल्यावर चोरून मास्क चढवणे, झोपेची गोळी देऊन चढवणे, हात बांधणे हे कधी करू नये. झोपेची गोळी तर अशा छातीला घातक ठरू शकते. आणि झोपताना माणूस सर्वांत दुबळा असतो. त्या वेळी ज्या हातांवर विश्वास ठेवायचा तेच हात फसवू लागले, तर तो झोपणार तरी कसा?

तिसरे 'नको' विचाराचे. त्याविषयी आमच्याच घरची हकीकत सांगतो.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणत होतो, पाच वर्षे या यंत्रावर झोपली. तिने विडी कधी ओढली नाही. चूल मात्र आठव्या वर्षापासून फुंकली. दुसऱ्या वर्षी एकदा ती म्हणाली, "बाय, हा डबा परत देऊन टाक." आम्ही तीन निरनिराळ्या दिवशी, सकाळच्या वेळी तिला कारण विचारले. दोनदा तिने मास्क टोचतो म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, पन्नास वर्षं आम्ही दोघं रात्री अंथरुणावर पडून बोलत आलो. आता मास्क लावला की हे तिकडे तोंड करून झोपतात. दिवसा काय बोलणार? दिवसा पोरं असतात." भावोजी बाजूलाच बसले होते, ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मास्क अर्ध्या तासाने उशिरा लागू लागला. आधी दोघांचे बोलणे, मग शेमा, मग मास्क. डॉक्टरांचीही हरकत नव्हती. ताई तशी आणखी तीन वर्षे जगली, आणि आमच्या मते चांगली जगली.

पाचव्या वर्षी भावोजी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी छाती पुष्कळच ढासळली. दोनदा रुग्णालय झाले. यंत्र रात्रीचे राहिले नाही, दिवसाही बराच वेळ लागू लागले. जेवताना मास्क काढला की धाप लागे आणि लावला की जेवता येत नसे. तेव्हा तिने पुन्हा तेच सांगितले. आम्ही पुन्हा सकाळीच विचारले, एकदा नव्हे तर पुष्कळदा. मास्क बदलून पाहिला, रक्त तपासून पाहिले, उदासीनतेवरचे औषध चालू होतेच. उत्तर बदलले नाही. ती म्हणाली, "मला मरायची घाई नाही. पण आता जे थोडं आहे ते मला तोंड उघडं ठेवून घ्यायचं आहे." डॉक्टरांनी दोन वेळा तिच्याशी एकटीशी बोलून खात्री करून घेतली. मग मास्क उतरला. धाप कमी वाटावी म्हणून अफूच्या वर्गातले औषध अगदी थोड्या मात्रेत दिले, डोक्याखाली उंच उशा दिल्या, तोंडावर हातातला छोटा पंखा धरला. त्या वाऱ्याने दम पुष्कळ हलका वाटतो. नवव्या दिवशी ती आपल्या अंथरुणावर गेली.

हे योग्य झाले काय? आमच्याच भाच्याने तेव्हा आम्हांला विचारले होते, "मावशी, मास्क काढणं म्हणजे आपणच तिला मारलं असं नाही ना?" तो धर्म पाळणारा मुलगा आहे आणि प्रश्न हलका नव्हता. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

आपल्या परंपरेत जीव वाचवण्यापुढे शब्बाथही मागे सरतो. योमाच्या प्रकरणात तल्मूद सांगते की शब्बाथच्या दिवशी कोणी ढिगाऱ्याखाली सापडला, तर ढिगारा उपसावा आणि तो जिवंत आहे काय हे नाकापर्यंत तपासावे, म्हणजे श्वासावरून ओळखावे. इतके महत्त्व एका श्वासाला. म्हणूनच शब्बाथ आहे म्हणून यंत्र बंद ठेवणाऱ्यांचे आम्हांला आश्चर्य वाटते. यंत्र कसे चालू ठेवावे याविषयी रब्बींना अवश्य विचारावे, पण मास्क लावावा की नाही हा शब्बाथचा प्रश्नच नव्हे. दुसरीकडे, सोळाव्या शतकातील पोलंडचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी लिहून ठेवले आहे की माणूस शेवटच्या घटका मोजत असेल आणि बाहेर लाकूड फोडण्याच्या आवाजासारखे काही त्याच्या आत्म्याला अडवून धरत असेल, तर तो अडथळा दूर करण्यास हरकत नाही. मात्र मृत्यू लवकर यावा म्हणून त्याला हलवणे-ढकलणे निषिद्ध आहे. अडथळा काढणे आणि धक्का देणे यांत फरक आहे.

इथल्या कायद्यानेही असाच फरक केला आहे. रब्बी-डॉक्टर अव्राहाम श्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली ५९ जणांची समिती बसली होती. तिच्या कामातून २००५ साली क्नेसेटने मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णाविषयीचा कायदा केला. ज्याचे आयुष्य उपचार करूनही सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही असे डॉक्टरांचे मत आहे, त्याला तो लागू होतो. अखंड चालणारा उपचार मध्येच तोडू नये. पण जो उपचार टप्प्याटप्प्याने होतो, त्याचा पुढचा टप्पा रुग्णाच्या इच्छेवरून सुरू न करणे चालते, असे त्याचे सूत्र आहे. त्याआधी १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून उपचार करू नये हे सर्वसाधारण तत्त्व घातलेच होते. कोणत्या रुग्णाला कोणते कलम लागते हे जाणकारांनी सांगावे. आम्हांला त्या सूत्रातून एक विचार मिळाला. रात्रीचा मास्क हा रोज संध्याकाळी नव्याने सुरू होणारा उपचार आहे. म्हणजे रोज संध्याकाळी त्या माणसाचा होकार नव्याने घेतला जातो, मग आपण तोंडाने विचारो वा न विचारो. पाच वर्षे ताईने सुमारे अठराशे वेळा होय म्हटले होते. इतक्या होकारांनंतरचा नकार आजाराला कंटाळलेल्या माणसाचा हट्ट म्हणून झिडकारता येत नाही.

परंतु हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याच्यापुढे अजून वर्षे आहेत, जो मास्क लावून झोपला तर दुसऱ्या दिवशी भाजी निवडील आणि नातवंडांना रागवील, त्याच्या बाबतीत लाकूडतोड्याचा दाखला देऊ नये. त्याच्यासाठी यंत्र हा अडथळा नसून शिडी आहे. दुसऱ्या वर्षीच्या ताईला आणि पाचव्या वर्षीच्या ताईला एकच उत्तर दिले असते, तर एकीवर अन्याय झाला असता. आग्रह किती करावा, याचे मोजमाप रुग्णाच्या वयात नाही आणि आपल्या भीतीतही नाही. 'नको' कशातून आले आहे हे शोधण्याइतका आग्रह करावा. ते एकदा नीट कळले, पुन्हा पुन्हा विचारूनही तेच राहिले, आणि डॉक्टरांनाही ते पटले, की आग्रह सोडावा. मात्र माणसाला सोडू नये. मास्क उतरल्यावर उशाशी बसणाऱ्याची गरज अधिक असते.

शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. यंत्राचा आवाज, हवेची फुसफुस, रात्री चारदा उठून पट्टा नीट करणे, हे बायको करते, मुलगी करते, किंवा परदेशातून आलेली काळजीवाहू बाई करते. तिलाही सकाळी कामाला उठायचे असते. एकाचा श्वास वाचवताना दुसऱ्याची झोप आपोआप धरून चालणे बरे नव्हे. भावंडांनी पाळ्या लावाव्यात. जे लांबच्या गावी राहतात त्यांनी फोनवर सल्ला देण्यापेक्षा आठवड्याची एक रात्र येऊन झोपावे. आणि मजुरीवर आलेल्या बाईला आठवड्याची सुटी मिळते ती खरोखर मिळू द्यावी.

आता थोडे व्यवहाराचे. मास्क रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुवावा. ओलाव्याच्या भांड्यात डॉक्टर किंवा यंत्र देणारे सांगतील ते पाणी रोज ताजे घालावे. वीज गेली तर काय करायचे, बॅटरी लागेल काय, हे कुपत होलिमला आजच विचारून ठेवावे. सायरन वाजल्यावर सुरक्षित खोलीत यंत्र न्यायचे की नाही, तेही आधी ठरवावे. काही वस्तू थोड्या दिवसांसाठी हव्या असतील तर १९७६ पासून वैद्यकीय वस्तू उसन्या देणारी याद साराह ही संस्था आहेच. यंत्राबरोबर प्राणवायू चालू असेल तर शब्बाथच्या वाती आणि गॅसची शेगडी त्यापासून निदान तीन मीटर दूर असावी, आणि त्या खोलीत सिगारेट मुळीच नको. आणि आपल्या इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवाव्यात, आपल्या वतीने बोलणारे माणूस नेमावे; २००५ च्या कायद्यात त्याची सोय आहे. 'अपशकुनी बोलू नका' म्हणून हा विषय टाळणाऱ्या घरांतच रात्री दोन वाजता भांडणे होतात, हे आम्ही पाहिले आहे.

वाचकहो, आपल्या घरात असा कोणी असेल तर उद्या सकाळी चहाच्या वेळी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. ऐकायला वेळ काढा. या आजारात माणूस एका श्वासात पुरते वाक्य बोलू शकत नाही, आणि घाईची माणसे त्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकतात. एलियाहू हन्नाबी आपल्या सर्व घरांतील आजाऱ्यांना स्वस्थ झोप देवो.